थेरेसामावशीचं ताट

रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांनी चर्चमध्ये ताटांविषयी काहीतरी सांगितल्याची बातमी विहिरीवरून घरी येऊन पोचली, तेव्हाच प्रेमलतानं नवऱ्याला बजावलं होतं, "हे बघा, त्या ताटांच्या भानगडीत तुम्ही पडू नका." हरिश्चंद्र राऊत यांनी मान हलवली. सोमवारी मधल्या सुट्टीत ते त्या भानगडीचे प्रमुख झाले.

यात त्यांचा तसा दोष नव्हता. सांडोरच्या वाटेवरची ती शाळा मिशनची. राऊतसर तिथे मराठी शिकवायचे. घर केळी-पानवेलींची वाडी करणाऱ्या हिंदू कुटुंबाचं, उठबस दोन्ही आळ्यांत, आणि मुख्य म्हणजे त्यांना नाही म्हणता येत नसे. शाळेत कुठलंही नवं काम निघालं की ते घरंगळत त्यांच्याच टेबलापाशी येऊन थांबायचं. फादर रॉबर्ट अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये मुख्याध्यापक म्हणून आले होते. माणूस सज्जन आणि उत्साही, पण लहानपणापासून सेमिनरीत जेवलेला. तिथे जेवण झालं की ज्यानं त्यानं आपलं ताट धुऊन फळीवर उभं करायचं. ताट एका घरातून दुसऱ्या घरात जातं आणि तिथे गेल्यावर काय काय होतं, याचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता.

"कल्पना अगदी साधी आहे, राऊतसर," फादर म्हणाले. "नाताळच्या आधी आमचा आगमनकाळ असतो. त्या दिवसांत प्रत्येक ख्रिस्ती घरानं फराळाचं एक ताट शाळेत पाठवायचं. ते हिंदू मुलांनी घरी न्यायचं. घराला घर जोडलं जाईल."

"आणि ताट, फादर?"

"ताटाचं काय?"

"ते परत कसं यायचं?"

"मुलं आणतील की! धुऊन आणतील," फादर हसून म्हणाले. कवायतीचे क्लेमेंटसर तेवढ्यात बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि विषय संपेपर्यंत वर आले नाहीत.

पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी आल्या थेरेसामावशी तुस्कानो. राऊतांच्या वाडीला लागून त्यांची वाडी. दोन्ही वाड्यांत मिळून विहीर एकच, आणि विहिरीवरची मोटर मावशींची. हरिश्चंद्राला त्यांनी चड्डी सावरत फिरताना पाहिलेलं, त्यामुळे शाळेत त्या त्याला सर म्हणायच्या आणि विहिरीवर हरी. त्यांच्या हातात काशाचं जड ताट होतं. वर ताडी घालून फुगवलेल्या पिठाचे गोल, तांबूस फुगे रचलेले होते. फुगे करावेत तर थेरेसामावशींनीच, यावर अख्ख्या गावाचं एकमत होतं.

"सर, हे माज्या बयचं ताट," त्या आईची आठवण काढून म्हणाल्या. "बय गेली, ताट राहिलं. खाली मदोमद क्रूस कोरलेला हाय बगा. शाळेला दिलं नसतं. तुमी हायेत म्हनून देते."

"मावशी, अगदी निश्चिंत राहा," राऊतसर म्हणाले. असं म्हणायला त्यांना काहीच कष्ट पडले नाहीत.

पहिली फेरी दृष्ट लागण्यासारखी झाली. हिंदू मुलं ताटं घेऊन घरी गेली, घरोघरी फुगे आणि करंज्या खाल्ल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ताटं परत आली, पण रिकामं ताट शेजाऱ्याच्या दारी पाठवायची वसईत कुणाची छाती नाही. कुणी तोंडली भरून पाठवली, कुणी वाल, कुणी मुळे. कुणी चिवडा. एका ताटात नारळ होता, आणि तो गडगडू नये म्हणून भोवती वांगी लावली होती. नायगावच्या एका मुलीनं तर ताटाबरोबर पाय बांधलेला कोंबडा आणला. तो ठेवायला जागा मिळेना, म्हणून शिपायानं त्याला दारातल्या नाताळच्या गोठ्यात, गवतावर नेऊन ठेवलं.

"गोठ्यात कोंबडा चालतो का हो?" राऊतसरांनी क्लेमेंटसरांना विचारलं.

"कोंबडा पेत्रानं येशूला नाकारलं त्या वेळचा," क्लेमेंटसर गंभीरपणे म्हणाले. "नाताळात त्याचं काम नसतं. पण आता आलाय तर बसू द्या."

फादर मात्र ते दृश्य बघून गहिवरले. "पाहिलंत, राऊतसर? एका ताटानं किती घरं उघडली! आता हे असंच पुढे जाऊ द्या. ही भरलेली ताटं आणखी नव्या घरी पाठवा."

"फादर, ही ताटं ज्यांची त्यांना जायची आहेत. ही आपली परतफेड आहे."

"प्रेमाची परतफेड नसते, राऊतसर," फादर म्हणाले. वाक्य इतकं चांगलं होतं की मराठीच्या शिक्षकाची मान आपोआप डोलली. इथेच सगळं बिघडलं.

कारण डिमेलोंच्या ताटातली तोंडली म्हात्र्यांकडे गेली. म्हात्र्यांनी ताटात पापड भरून शाळेत पाठवले. फादरांनी पापड परेरांकडे रवाना केले. परेरांनी विचार केला, आपल्या घरी म्हात्र्यांकडून पापड आले, तर आपण केक तरी दिला पाहिजे, आणि केकला हे ताट लहान पडतं, म्हणून त्यांनी आपलं मोठं ताट काढलं. डिमेलोंचं ताट परेरांच्या फडताळात गेलं आणि परेरांचं ताट फिरायला निघालं. दुसरा आठवडा उजाडेपर्यंत सांडोर, माणिकपूर ते थेट नायगावपर्यंत एकाही घरात स्वतःचं ताट उरलं नव्हतं. प्रत्येकाकडे दुसऱ्याचं मात्र होतं. दुसऱ्याच्या ताटात जेवून ते खरकटं करायचं नाही, ही आपली रीत. त्यामुळे फडताळात पाच-पाच ताटं रचून माणसं केळीच्या पानावर जेवू लागली. ताटं परतही करता येईनात, कारण भरून द्यायला घरात काही शिल्लक नव्हतं. जे होतं ते आधीच्या ताटातून गेलेलं होतं.

शाळेच्या फाटकाशी आया जमू लागल्या. "सर, माजं नाव घातलेलं स्टीलचं." "सर, माजं लग्नातलं." राऊतसर तास संपला की मागच्या दारानं सटकायला शिकले. एके संध्याकाळी घरात पाऊल टाकताच प्रेमलता म्हणाली, "अहो, आज एक ताट..." आणि ते ओरडले, "या घरात ताट हा शब्द काढायचा नाही! नाताळ होईपर्यंत मला तो ऐकायचा नाही!"

"बरं," प्रेमलता म्हणाली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. तिनं पान मांडलं आणि वर वाढलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर थेरेसामावशींनी गाठलं.

"हरी, बयचं ताट?"

"येतंय, मावशी. आज-उद्या."

"कुटं हाय आता?"

"फिरतीवर आहे," राऊतसर म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांना कळलं की हे उत्तर चांगलं नाही.

मावशींनी लुगड्याचा पदर खोचला. "हे बग हरी. ताट मी तुज्या हातात दिलं, तुज्याच हातून घेनार. प्रेमलताला मदी आनायची नाय, ती पोर गुनाची हाय. आनि पानी तोडनारी बाई मी नाय. तुजी पाळी ती तुजी पाळी. पन मोटरच्या खोलीची किल्ली माज्याकडं असते, आनि माजं वय झालं. किल्ली कदी कदी सापडत नाय."

त्या दिवसापासून किल्ली सापडेनाशी झाली. डिसेंबरचं कोरडं ऊन, आणि पानवेल तर एका दिवसाची तहान सहन न करणारी. तिसऱ्या दिवशी वेलींची पानं खाली झुकली. ती वेल राऊतसरांच्या वडिलांनी लावलेली होती. वर्षभराचा वरखर्च तिच्यावर चालायचा, आणि त्यांना नोकरीपेक्षा तिचा आधार जास्त वाटायचा. घरी त्यांनी मोटर जळल्याचं सांगितलं. थेरेसामावशींचं ताट पहिल्याच दिवशी परत गेलं, हे त्यांनी त्याआधीच सांगून ठेवलं होतं. पहाटे उठून ते पोहऱ्यानं पाणी काढायचे, पण पोहऱ्यानं वाडी भिजत नाही. भिजतं ते फक्त आपलं धोतर.

शेवटी त्यांनी ताटाचा माग काढायचं ठरवलं. ते पहिल्यांदा नायगावच्या श्रीपत पाटलांकडे गेलं होतं एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर सायकल मारत ते खाडीकाठच्या त्या घरी पोचले. श्रीपत शेतावर होता. त्याची बायको कमळी ओटीवर भात पाखडत होती.

"या मास्तर, बसा. पानी घ्या आदी."

"पाणी नको. कमळाबाई, ते काशाचं जड ताट..."

"तो तवाच धाडला नं मी! पोरीच्या हातानं शालंत धाडला. रिकामा नाय धाडला हो, घरचे नवे पोहे घातले वरपरत. का? पोचला नाय का?"

"पोचलं, पोचलं," राऊतसर म्हणाले.

"मंग पोहे आवडले का लोकांना?"

कोणत्या लोकांना ते राऊतसरांना माहीत असतं तर त्यांनी एवढी सायकल मारलीच नसती. निघताना कमळीनं त्यांच्या कॅरियरला एक लाल भोपळा बांधला. तो नको म्हणताना त्यांचा आवाज रडवेला झाला होता, पण तिला तो संकोच वाटला.

ते तसेच फादरांच्या बंगल्यावर गेले. फादर गोठ्यासाठी चांदणीला कागद चिकटवत होते.

"पोह्यांचं जड ताट? हो, आठवतं ना. ते मी स्वतः सायकलवरून पोचवलं."

राऊतसरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "कोणाकडे, फादर?"

फादरांनी खळीचा हात पुसला. "ते मात्र सांगता यायचं नाही. दान गुप्त असावं. आपण कुणाला मदत केली हे चारचौघांत बोललं, की त्या माणसाला मान वर करता येत नाही."

"फादर, माझी पानवेल..."

"एवढंच सांगतो," फादर हलक्या आवाजात म्हणाले, "की ते कुटुंब अडचणीत आहे. कर्ता माणूस फार सज्जन. पण हल्ली त्याला झोप नसावी. डोळे खोल गेलेत, दाढीचं भान नाही, कुणी हाक मारली तर दचकतो. मला बघवेना, म्हणून मी ते ताट त्याच्या घरी नेऊन दिलं." हे बोलताना ते राऊतसरांकडे मोठ्या मायेनं बघत होते.

राऊतसरांनी वाढलेली दाढी खाजवली. "अरेरे! कोण असेल बिचारा," ते कळवळून म्हणाले. आणि उठले.

"घरी जाऊन जरा पडा, राऊतसर," फादर म्हणाले.

घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. सायकल भिंतीला टेकवताच प्रेमलताची नेहमीची हाक आली, "अहो, वरची केळी तेवढी आत घ्या, दव पडेल." गेले तीन-चार दिवस हे काम त्यांच्याकडेच होतं. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात वाळवायची, आठवडाभरानं त्यांची मधासारखी गोड सुकेळी होतात. दरवर्षी ती सुपांत वाळायची. यंदा घरातली सुपंसुद्धा भाजी घेऊन शाळेत गेली होती. राऊतसर शिडीनं पडवीच्या पत्र्यावर चढले, धोतराचं फडकं झाकलेलं वाळवण रोजच्यासारखं छातीशी धरलं आणि उतरू लागले. मधेच त्यांना भूक आठवली. फडक्याखाली हात घालून त्यांनी मधलं एक केळं उचललं. खाली क्रूस होता.

शिडीच्या तिसऱ्या पायरीवरूनच त्यांनी आत हाक मारली.

"प्रेमलता, हे काय आहे?"

"सुकेळी. अजून कच्ची आहेत, खाऊ नका."

"खालचं काय आहे?"

"तुम्ही तो शब्द काढू नका म्हणालात ना?" प्रेमलता चुलीशी बसून म्हणाली. "फादर स्वतः आले होते ते घेऊन. नवे पोहे होते आत. मला म्हणाले, सरांना जपा. मी सांगायला गेले तर तुम्ही अंगावर ओरडलात."

गेला आठवडाभर सकाळी दडपे पोहे होत होते. आजही राऊतसर ते खाऊन, ताकद येऊन, ताट शोधायला बाहेर पडले होते.

"अगं, पण हे थेरेसामावशीचं ताट आहे!"

"माहितीय की. न ओळखायला मी काय आंधळी आहे? तुम्ही म्हणालात ते पहिल्याच दिवशी परत गेलं. मला वाटलं, मावशींनी पुन्हा भरून पाठवलं असेल. दोनदा भरून दिलेलं ताट काय तोंडल्यांवर परत करायचं? म्हणून सुकेळी घातली."

मग राऊतसरांनी सगळं सांगितलं. ताट हरवल्याचं, मोटर न जळल्याचं, किल्लीचं. प्रेमलतानं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. राऊतसर केळी एका बाजूला सारू लागले.

"हे काय करताय?"

"आत्ताच्या आत्ता नेऊन देतो. उद्या सकाळी पाणी सुरू."

"रिकामं?" प्रेमलता उठून उभी राहिली. "मावशीच्या दारात, रिकामं ताट, माझ्या घरातून? पानवेल सुकली तर पुन्हा लावता येईल. अजून चार दिवस ऊन पाहिजे. तोवर हे ताट जागचं हलणार नाही."

"निदान कच्ची घालून देतो!"

"कच्ची? म्हणजे गावभर होऊ दे, राऊतांच्या सुनेला सुकेळी येत नाहीत."

तिनं ताट उचललं आणि देवाच्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथे राऊतसर आंघोळ केल्याशिवाय जात नसत.

शेवटी ते हात हलवत थेरेसामावशींकडे गेले. मावशी करंज्यांचं सारण ढवळत होत्या. राऊतसरांनी दारातूनच सांगितलं, ताट सापडलं, सुखरूप आहे, घरीच आहे, आणि प्रेमलता ते सुकेळी भरून पाठवणार आहे, म्हणून चार दिवस लागतील.

मावशींचा चेहरा बदलला. "सुकेली? राजेळीची? मंग आदी नाय का बोलायचं, हरी! चार काय, आठ दिवस ठेव. बयला पन सुकेली आवडायची." त्यांनी तारणाऱ्या येशूच्या तसबिरीमागे हात घातला आणि किल्ली काढून राऊतसरांच्या हातावर ठेवली. "घे. आत्ताच सापडली बग."

राऊतसरांना भरून आलं. किल्ली मुठीत धरून ते वळले, आणि त्यांचं लक्ष मावशींच्या फडताळाकडे गेलं. आत ताटांची चळत होती. सगळ्यांत वरच्या स्टीलच्या ताटावर 'सौ. प्रेमलता ह. राऊत' असं नाव घातलेलं होतं.

"मावशी, हे तर आमचं!"

"तुमचंच. दिवाळीला फराळ घेऊन आलं होतं. तवापासून हाय."

"दिवाळीपासून?"

"मंग? करंज्या झाल्याबिगर रिकामं कसं देऊ?" मावशी म्हणाल्या. त्यात त्यांना विचित्र काहीच वाटलं नाही.

इथे राऊतसरांनी नमस्कार करून निघायला हवं होतं. किल्ली हातात होती, मोटर चाळीस पावलांवर होती. पण माणूस शिकलेला. त्यांच्या डोक्यात एक हिशेब लख्ख चमकला आणि तो त्यांना आवरला नाही.

"मावशी, मग सोपं आहे," ते उत्साहानं म्हणाले. "तुमचं ताट आमच्याकडे, आमचं तुमच्याकडे. आत्ताच अदलाबदल करून टाकू. तुम्ही आम्हाला रिकामं द्या, आम्ही तुम्हाला रिकामं देतो. फिट्टंफाट! कुणाचं कुणाकडे काही राहणार नाही."

मावशींचा ढवळता हात थांबला. त्यांनी राऊतसरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुनाचं कुनाकडं काय राहनार नाय," त्या सावकाश म्हणाल्या. "तुजा बाप असं बोलला नसता, हरी. त्याचं एक पातेलं माज्या सासूकडं सात वर्सं होतं." त्यांनी हात पुढे केला. "किल्ली."

"मावशी, मी आपलं सहज..."

"किल्ली दे इकडं. सुकेली आली की बगू."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, सोमवारी राऊतसरांनी किरकोळ रजा टाकली. पहाटे पोहऱ्यानं वेलींना पाणी घालायचं आणि ऊन वर आलं की पत्र्यावर चढून बसायचं. एक बाजू वाळली की केळी उलटायची, माश्या वारायच्या, ढग आला की वर बघून हात जोडायचे. चार दिवसांचं ऊन तीन दिवसांत मिळेल तर त्यांना हवं होतं.

सोमवारी दुपारी फादर रॉबर्ट नाताळच्या मेळाव्याची निमंत्रणं द्यायला सायकलवरून राऊतांच्या घरासमोरून निघाले होते. भर उन्हात, भिजून वाळलेल्या धोतरात, दाढी वाढलेले राऊतसर पत्र्यावर एकटेच बसून हवेत हात फिरवताना त्यांना दिसले. फादरांनी सायकल थांबवली. हाक मारावी असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांना ते बरं वाटलं नाही. थोडा वेळ थांबून, छातीवर क्रुसाची खूण करून ते पुढे गेले.

संध्याकाळी शाळेचा शिपाई राऊतांच्या दारात एक मोठं भरलेलं ताट ठेवून गेला. ताट कुणाचं आहे, हे प्रेमलतानं नवऱ्याला विचारलं नाही. परत करताना त्यात काय घालायचं, एवढंच विचारलं.